दादाचा पे स्टब (पगाराची स्लिप) आणि माझी रांग: कॅनडा-अमेरिका टॅक्सचं खरं गणित काय?

पन्हं | २२ एप्रिल २०२५

येत्या सोमवारी आमच्याकडे कॅनडात निवडणूक आहे. घरात मात्र प्रचार डिसेंबरपासूनच चालू आहे.

मी ओंटारियो प्रांतात मिसिसागाला, दादा अमेरिकेत न्यू जर्सीत एडिसनला, आई पुण्यात. रविवारी तिघांचा व्हिडिओ कॉल असतो. गप्पा पोह्यांवरून सुरू होतात आणि ट्रम्पवर येऊन थांबतात. नाताळच्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं की कॅनडा ५१वं राज्य झालं तर कॅनेडियन लोकांचा टॅक्स ६० टक्क्यांहून जास्त उतरेल. तेव्हापासून दादा मला 'काय गव्हर्नर, जेवलात का?' असं विचारतो.

परवा जरा जास्तच झालं. मी म्हटलं, लेकाचं मनगट मोडलं, एक्स-रे झाला, प्लास्टर झालं, मला एक पैसा लागला नाही. दादा म्हणाला, "मग दर पंधरा दिवसांनी पगारातून कापतात तो काय प्रसाद असतो?" मागून वहिनी म्हणाली, "आणि इमर्जन्सीत किती तास बसलात तेही सांगा." सात तास. पहाटे अडीचला घरी आलो.

मग मी वहिनींच्या ड्रॉवरमधल्या विमा कंपनीच्या पाकिटांचा विषय काढला. गेल्या वर्षी त्यांच्याकडे होते तेव्हा पाहिलेली. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' आणि खाली चार आकडी रक्कम. खरं बिल नंतर येतं म्हणे, ते बहुतेक वेळा वेगळंच असतं.

आई इतका वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "अरे, पण महिन्याच्या शेवटी उरतात कोणाकडे?"

दोघांनाही सांगता आलं नाही. म्हणून इथे विचारते. आणि दुसरा प्रश्न: दोन्हीकडच्या निवडणुकीत शेजाऱ्याला बागुलबुवा का करतात?

---

नळस्टॉप_ते_नायगारा

न्यू जर्सीवाल्याने टॅक्सवर बोलावं? आधी त्यांना प्रॉपर्टी टॅक्स विचारा. गेल्या वर्षी त्या राज्याची सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली.

---

शून्य_शिल्लक

माझं पोट याच कामावर चालतं (टोरांटोत अकाउंटंट आहे), म्हणून सविस्तर लिहितो. झोप आली तर सोडून द्या.

एकटा माणूस घ्या, मूलबाळ नाही, पगार आपापल्या चलनात एक लाख. ओंटारियोत फेडरल टॅक्स, प्रांताचा टॅक्स, सीपीपी (पेन्शनचा हप्ता), ईआय (बेरोजगारी विम्याचा हप्ता) सगळं धरून सव्वीस-सत्तावीस टक्के जातात. न्यू जर्सीत फेडरल, राज्य, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरून पंचवीसच्या आसपास. झालं. यावर दोन भावंडं चार महिने भांडतायत.

खरा फरक तीन ठिकाणी पडतो.

पहिला म्हणजे लग्न. अमेरिकेत नवरा-बायको एकत्र रिटर्न भरू शकतात. एकच कमावता असेल तर त्याच एक लाखावर टक्केवारी एकदम अठराच्या आसपास येते. कॅनडात प्रत्येकाचा हिशेब वेगळा, जोडीदारासाठी थोडी सूट मिळते तेवढीच. पोरं लहान आणि उत्पन्न बेताचं असेल तर मात्र चाइल्ड बेनिफिट कॅनडाचं पारडं बरंच सावरतं.

दुसरा, वरचा पगार. ओंटारियोत अडीच लाखांच्या थोडं पुढे गेलात की वरच्या प्रत्येक डॉलरमागे ५३.५३ सेंट सरकारचे. अमेरिकेत ३७ टक्क्यांचा फेडरल दर लागायला एकट्या माणसाला सहा लाखांच्या पुढे जावं लागतं. तिथे दादा जिंकले, वाद नाही.

तिसरा, आणि इथेच सगळे गफलत करतात, तो प्रीमियम. केएफएफ या अमेरिकन आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर आहे. त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात, बाकी कंपनी भरते. कंपनी भरते म्हणजे कोण भरतं? ते पैसे तुमच्या पगाराला लागले असते. पे स्टबवर ते टॅक्सच्या रकान्यात येत नाहीत, म्हणून टॅक्स कमी दिसतो.

पन्हं, दादांना एक काम सांगा. टॅक्सचा मोसम आत्ताच संपलाय, डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा फॉर्म) हाताशीच असेल. त्यात १२ नंबरच्या चौकटीत 'डीडी' अशी अक्षरं असतील. त्यापुढे विम्याचा पूर्ण खर्च असतो, कंपनीचा वाटा धरून; तो आकडा वाचून दाखवायला सांगा. बहुतेक लोक ती चौकट जन्मात बघत नाहीत.

---

खवचट

पन्हं, एक पैसा लागला नाही हे खोटं आहे. हॉस्पिटलचं पार्किंग सांगा.

---

पन्हं

@खवचट, २८ डॉलर. :( नवऱ्याने पावती फ्रीजवर लावून ठेवली आहे.

@शून्य_शिल्लक, डीडीचा निरोप दिला. "बघतो" म्हणाला. दादाचं "बघतो" म्हणजे तुम्हाला माहीत नाही.

---

ऑस्टिनचा_ऊस

मी सहा वर्षं टोरांटोत काढून टेक्सासला आलो, म्हणून दोन्हीकडचं मीठ खाऊन बोलतोय. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. कंपनीचा विमा उत्तम. गुडघा धरला तर तिसऱ्या दिवशी एमआरआय, दुसऱ्या आठवड्यात स्पेशालिस्ट. टोरांटोत त्याच गुडघ्यासाठी नुसत्या एमआरआयला साडेचार महिने थांबलो होतो. फुकट मिळतं ते मिळेल तेव्हा खरं. फ्रेझर इन्स्टिट्यूटचा २०२४ चा आकडा बघा: फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिल्यापासून उपचार होईपर्यंत मध्यक (निम्मे याहून जास्त थांबतात) ३० आठवडे. आणि फॅमिली डॉक्टर असला तर चिठ्ठी! ओंटारियोत पंचवीस लाख लोकांना तोच नाही.

शून्य_शिल्लक, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात माझ्या साडेचार महिन्यांचा रकाना कुठे आहे?

---

शून्य_शिल्लक

मान्य. तो रकाना मला भरता येत नाही. फ्रेझरवाले खुल्या बाजाराच्या बाजूचे आहेत आणि त्यांचा आकडा डॉक्टरांना पाठवलेल्या प्रश्नावलीवरून येतो, एवढं फक्त नोंदवतो. पण रांग आहे, ती नाकारणारा माणूस इथे राहत नसावा.

---

रात्रपाळी

मी कॅनडात विंडसरला राहते आणि नदीपलीकडे अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. रोज नदीखालच्या बोगद्यातून देश बदलते. आमच्याकडच्या कित्येक नर्सेस हेच करतात. पगार तिकडचा, फॅमिली डॉक्टर इकडचा. म्हणा स्वार्थी.

रांगेबद्दल एक सांगते. तुमच्या लेकाला सात तास लागले, कारण मनगट मोडलेल्या मुलाला काही होणार नाही हे ट्रायाजच्या (कोणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या) नर्सला कळतं. छातीत कळ घेऊन आलेला माणूस सात मिनिटंही बसत नाही. आत काय चाललंय ते बाहेर बसलेल्याला दिसत नाही, त्याला फक्त घड्याळ दिसतं.

डेट्रॉइटला रांग वेगळ्या जागी असते. मागच्याच महिन्यात एक माणूस पायाची जखम चिघळवून आला. साखर प्रचंड. विचारलं तर इन्सुलिन अर्धं अर्धं घेत होता, महिनाअखेरपर्यंत पुरावं म्हणून. तो कुठल्याच प्रतीक्षा यादीत नव्हता. घरी बसून थांबला होता, म्हणून कोणाच्या आकड्यात आला नाही.

पण ऊस म्हणतात तेही खरं. माझ्या सासूबाई खुब्याच्या ऑपरेशनला अकरा महिने थांबल्या. मी स्वतः नर्स असून काही करू शकले नाही.

---

धोंडोपंत

इन्सुलिन निघालंच आहे तर: ते सापडलं टोरांटोत, १९२१ साली. बँटिंगच्या सहकाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. आणि जुलै २०१९ मध्ये बर्नी सँडर्स मधुमेही अमेरिकनांची बस घेऊन डेट्रॉइटहून विंडसरला आले, तेच औषध साधारण एक दशांश किमतीत घ्यायला. निवडणुकीच्या राजकारणात शेजारी कसा वापरावा याचा हा वस्तुपाठ. बायडनच्या २०२२ च्या कायद्यानंतर तिथल्या मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिना ३५ डॉलरवर आलं, पण तिथे मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढचे. कॅनडात 'मेडिकेअर' म्हणजे सगळेच. एकाच शब्दाचे दोन अर्थ, त्यामुळे टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा वायाच जातात.

आता पन्हंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. बागुलबुवा का?

कॅनडाची योजना आकाशातून पडलेली नाही. टॉमी डग्लसला लहानपणी पायाच्या हाडाचा विकार होता. घरची परिस्थिती बेताची, पाय कापायची वेळ आली. विनिपेगच्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायला केस म्हणून फुकट ऑपरेशन केलं, पाय वाचला. पुढे हाच माणूस सस्कॅचेवान प्रांताचा प्रीमियर (मुख्यमंत्री) झाला. त्याच्या पक्षाने १ जुलै १९६२ ला सरकारी विमा लागू केला त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस. ब्रिटनमधून डॉक्टर विमानाने आणावे लागले. तेव्हाही विरोधकांची भाषा हीच होती: सरकार तुमच्या आणि डॉक्टरच्या मध्ये येणार. नंतर १९६६ ला केंद्राचा कायदा आला आणि १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट तर एकमताने पास झाला. २००४ साली सीबीसीने 'सर्वांत थोर कॅनेडियन' कोण म्हणून कौल घेतला, डग्लस पहिला आला. हॉकीवाला वेन ग्रेट्स्की मागे पडला, म्हणजे विचार करा.

अमेरिकेत ट्रुमनने १९४५ लाच सर्वांसाठी विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने हाणून पाडला. १९६५ ला जॉन्सनने वृद्धांपुरती मेडिकेअर आणली आणि सही करायला मुद्दाम ट्रुमनच्या गावी, इंडिपेंडन्सला गेला. मग १९९३-९४ ला क्लिंटन आपटले, २०१० ला ओबामांचा कायदा कसाबसा निघाला. ओबामांच्या वेळी तर जाहिरातीत रांगेत उभा कॅनडा होता.

आणि कॅनडात उलट. नोव्हेंबर २००० च्या नेत्यांच्या वादविवादात स्टॉकवेल डे हे उजव्या पक्षाचे नेते हाताने लिहिलेला कागद वर धरून उभे राहिले: दोन पातळ्यांची (पैसेवाल्यांना वेगळी, बाकीच्यांना वेगळी) आरोग्यसेवा नाही. विरोधक त्यांच्यावर 'हे अमेरिकन पद्धत आणणार' एवढंच ठोकत होते, म्हणून बिचाऱ्याला फलक धरावा लागला.

दोन्हीकडे शेजारी म्हणजे, आईने मुलाला दाखवायचा दाढीवाला बाबा. बाबा खरा कसा आहे हे बघायला कोणी जात नाही.

---

खवचट

धोंडोपंत, बघायला जातात की. २०१० मध्ये न्यूफाउंडलंडचे प्रीमियर डॅनी विल्यम्स हृदयाच्या ऑपरेशनला मायामीला गेले. आणि २०१९ मध्ये सरकारी वैद्यकीला 'समाजवाद' म्हणणारे सेनेटर रँड पॉल हर्नियासाठी टोरांटोशेजारी थॉर्नहिलला आले. दोघांनी भाषणं मात्र आपापल्या गावी केली.

---

ऑस्टिनचा_ऊस

रँड पॉल आले ते शोल्डाइसला. ते खाजगी हॉस्पिटल आहे. अर्धवट सांगू नका.

---

शून्य_शिल्लक

खाजगी मालकीचं, पण ओंटारियोच्या माणसाच्या ऑपरेशनचा खर्च ओहिपच (प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) देतं. कॅनडात बहुतेक फॅमिली डॉक्टरही खाजगी धंदाच करतात, बिल सरकारला लावतात इतकंच. 'सरकारी दवाखाना' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ससून येतं, तिथेच घोळ होतो.

---

कुडाळी

तुमचे देश मोठे, आमचा गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका लहान. पण गोष्ट तीच.

आमच्या सिंधुदुर्गात कोणाचं जास्त झालं की घरात एकच वाक्य: "बांबोळीक न्हेवा." म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. मुंबई पाचशे किलोमीटर, बांबोळी दोन तास. माझ्या वडिलांना मध्यरात्री तिथेच नेलं होतं. स्ट्रेचरवर घेताना कोणी आधार कार्ड विचारलं नाही.

मग १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्यांना शुल्क लावलं. त्यांचं म्हणणं, गोव्याच्या माणसाच्या टॅक्सवर शेजारच्या राज्याने का जगावं? चुकीचं म्हणता येत नाही. आमचं म्हणणं, तुमच्या हॉटेलांत, तुमच्या बांधकामांवर राबणारी पोरं कुठली? तेही खोटं नाही. दोडामार्गात आंदोलन झालं. प्रत्येक निवडणुकीत इकडचा पुढारी सांगतो, आपल्याकडे असं हॉस्पिटल उभारतो. ॲम्ब्युलन्स अजून पत्रादेवीवरूनच जाते.

अवांतर झालं, क्षमस्व.

---

नळस्टॉप_ते_नायगारा

अवांतर कसलं, इतका वेळ चाललेल्या चर्चेतलं हेच मुद्द्याचं आहे.

---

भारतमातेचा_पुत्र

देश सोडून गेलात आणि आता टॅक्सवरून रडताय. इथे पाच लाखांपर्यंत उपचार फुकट आहेत. परत या.

---

सुधा_के

@भारतमातेचा_पुत्र, फुले योजनेचं कार्ड घेऊन आमची काकू पुण्यात तीन हॉस्पिटलं फिरली. दोघांनी सांगितलं 'योजनेचे बेड भरले', तिसऱ्याने 'हा आजार यादीत नाही'. चौथ्याकडे झालं आणि खरंच फुकट झालं, तेही सांगते. पण फिरणं हा खर्चच आहे की.

पन्हं, तुमच्या आई येतात-जातात का? त्याचाही रकाना धरा. आम्ही आईला कॅनडात सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) आणलं, त्याला किमान एक लाख डॉलरचा विमा सक्तीचा. सत्तरीत आणि बीपी असताना तो विमा केवढ्याला पडतो हे विचारू नका. बहिणीने अमेरिकेत सासूबाईंना ग्रीन कार्ड केलं, तर मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षं वास्तव्य लागतं. आपल्या लोकांच्या हिशेबात आईवडील असतात, या पुढाऱ्यांच्या कोष्टकात ते कुठेच नसतात.

---

पन्हं | ३० एप्रिल २०२५

निकाल लागला. लिबरल पक्षाचे कार्नी आले, बहुमत थोडक्यात हुकलं. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पॉलिएव्ह स्वतःच्या कार्लटन मतदारसंघातच पडले. खालच्या टप्प्याचा टॅक्स कार्नी १५ टक्क्यांवरून १४ करणार म्हणत होते, पॉलिएव्ह १२.७५. शेवटी लोकांनी टॅक्सचे आकडे बघितलेच नाहीत, सगळी निवडणूक '५१वं राज्य' याच एका शब्दावर झाली.

धोंडोपंत, तुमच्या डग्लसचा पक्ष (आताचा एनडीपी) सात जागांवर आला. अधिकृत पक्ष म्हणून मान्यतेला बारा लागतात. ज्यांनी मेडिकेअर दिली त्यांचीच ही गत. मी गेल्या वेळी त्यांना मत दिलं होतं, या वेळी नाही दिलं. वाईट वाटतंय.

दादा अजून "बघतो"च म्हणतोय.

---

धोंडोपंत

वाईट वाटू देऊ नका. सगळ्यांनी तेच केलं. मीसुद्धा.

---

ऑस्टिनचा_ऊस | १४ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय.

सप्टेंबरात आमची टीम बंद झाली. पंधरा मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप कुरियरने परत. विमा त्याच महिन्याच्या शेवटी संपला. कोब्रा या कायद्याखाली तोच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, फक्त आता कंपनीचा वाटाही मीच भरायचा, वर दोन टक्के. चौघांचा महिन्याचा आकडा बघून बायको म्हणाली, हे घरभाडं आहे का?

शून्य_शिल्लक, तुमचं 'कंपनी भरते म्हणजे कोण भरतं' मला तेव्हा पुस्तकी वाटलं होतं.

ओबामा कायद्याच्या विमा-बाजारात बघितलं, तर हप्त्यावरची वाढीव सबसिडी डिसेंबरअखेर संपणार. त्याच भांडणावरून इथलं सरकार १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस बंद होतं. परवा उघडलं, सबसिडी तशीच लोंबकळत.

गुडघ्याचं मत बदललेलं नाही. साडेचार महिने ते साडेचार महिनेच. पण टोरांटोत नोकरी गेली असती तर निदान पोराच्या दम्याच्या डॉक्टरला भेटण्याआधी मला विचार करावा लागला नसता. पंपाचे पैसे तिकडेही लागले असते का?

---

रात्रपाळी

ऊस, ओंटारियोत पंचविशीच्या आतल्यांची बरीच औषधं ओहिप प्लस या सरकारी योजनेत फुकट मिळतात, घरचा खाजगी विमा नसेल तर. इनहेलर तुमच्या ब्रँडचा आहे का ते बघावं लागेल. नोकरीसाठी शुभेच्छा. व्यनि (खाजगी निरोप) करते, डेट्रॉइटला एका ठिकाणी आयटीत जागा आहेत.

---

पन्हं

ऊस, वाचून कसंतरी झालं. तुमचा प्रतिसाद रविवारी कॉलवर वाचून दाखवला (नाव न घेता). दादा उठून आत गेला आणि चक्क फाइल घेऊन आला. चौकट १२, डीडी. तेवीस हजार आठशे आणि काहीतरी. दोनदा वाचला त्याने. मग म्हणाला, "हे माझ्या पगारात धरलं तर मी तुझ्यापेक्षा जास्त टॅक्स भरतो."

मी जिंकले म्हणून हसणार, तेवढ्यात वहिनीने विचारलं, "तुमची ईएनटीची तारीख आली का?" चिठ्ठी जूनची आहे. तारीख फेब्रुवारीची मिळाली आहे.

आईचा प्रश्न तसाच राहिला, कारण आईने विषय बदलला. एप्रिलमध्ये येते म्हणाली, तीन महिने एडिसन, तीन महिने मिसिसागा. विमा कोणी काढायचा यावर आता नवा वाद सुरू आहे.

---

खवचट

आईंना आधी मिसिसागाला आणा. पार्किंग दादांना भरायला लावा.